तीन नंबरच्या कॅमेऱ्यातली टाळी

१

लग्न लागलं, नवरा-नवरी दारात येऊन उभी राहिली, पाहुण्यांनी तांदळाच्या मुठी भरून ठेवल्या, आणि घंटा वाजलीच नाही.

सान एलिसेओच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचं काम म्हातारा किरिनो करतो. तो घंटाघराचं खालचं दार उघडायला गेला होता. परत आला तो किल्ली हातात तशीच धरून, नवरीच्या बापाला ओलांडून सरळ पाद्र्यांकडे. दोर खाली सोडण्यासाठी घंटाघरात वरपासून जमिनीपर्यंत जी पोकळी आहे, तिच्या तळाशी माझे वडील पडले होते.

आन्सेल्मो विलारुथ, वय सदुसष्ट. फिलिपीन्समधल्या इलोइलोच्या आमच्या बाजूला सगळे त्यांना मनोंग सेल्मो म्हणत, थोरला भाऊ सेल्मो; मी ताताय म्हणायची, म्हणजे बाबा. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या लग्नांचे व्हिडिओ काढले. त्या शनिवारीही ते तेच करत होते. दारावरच्या गायकांच्या सज्जात ते एकटे होते. वाळवीमुळे गायकांना खाली बसवलं होतं, आणि वर जायची परवानगी फक्त आमच्या माणसांना होती. सज्जाला लागून घंटाघराची खोली, आणि तिथे पोकळीभोवती दगडी कठडा. कठडा कमरेपर्यंत येतो.

लोक अडले ते त्या कमरेपर्यंतच्या कठड्यावर. इतक्या उंच कठड्यावरून माणूस आपोआप पडत नाही. माझी आई जाऊन चौदा महिने झाले होते. प्रार्थनेला आलेल्या बायकांनी दोन आणि दोन चार केले, आणि माझ्यासमोर आवाज खाली आणला.

सार्जंट हिमायाने तातायच्या वस्तू एका पाकिटात घालून दिल्या: जपमाळ, छोटी वही, आणि तडकलेली कॅमेऱ्याची बॅटरी. ती बॅटरी त्यांच्या मुठीत होती. तो भला माणूस आहे. म्हणाला, “नऊ दिवसांच्या प्रार्थना होऊ देत, मॅम. मग मी कागद बंद करतो. मी अपघातच लिहीन. पण लोकांच्या तोंडाला मी हात कसा लावणार?”

डॉक्टरांच्या कागदावर मृत्यू लगेच आला नव्हता असं होतं. दहा-पंधरा मिनिटं, जास्तही.

आणखी एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. त्या शनिवारी सकाळी सात चाळीसला तातायचा फोन आला होता. मी शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. निघायच्या घाईत होते. दुपारी करीन म्हटलं. निरोप घ्यायला केलेला फोन कसा असतो ते मी पुस्तकांत बऱ्याचदा वाचलेलं आहे. तो सात चाळीसलाही येऊ शकतो.

२

आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. तिथे तातायबरोबर काम करणारी तीन माणसं होती, आणि नऊही दिवस तिघं येत राहिली.

एडसेल व्हिडिओचं जोडकाम, एडिटिंग करतो. एकतीस वर्षांचा, ताडमाड, सगळं झटपट. आमच्याकडे सकाळचं लग्न संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी पडद्यावर दिसावं लागतं, म्हणून तो लग्न चालू असतानाच मेमरी कार्डं उचलतो आणि शेजारच्या सभागृहात बसून जोडायला लागतो. सार्जंटने मागितलं म्हणून तिन्ही कॅमेऱ्यांचं चित्र एका पडद्यावर तीन खिडक्यांत मांडून त्यानेच दिलं होतं. मलाही दाखवलं.

पहिली खिडकी वेदीजवळ तिपाईवर ठेवलेल्या कॅमेऱ्याची. दुसरी बाजूच्या खांबापाशी उभे असलेले तातायचे जुने सहकारी बेर्तो यांच्या कॅमेऱ्याची. तो लग्नाचे साक्षीदार असलेल्या मानलेल्या आईबापांच्या रांगेवर रोखलेला. तिसरी तातायची, वरून दिसणारं अख्खं चर्च. प्रवचन चालू होतं. तिसरी खिडकी आधी काळी होती. मग एकदम चित्र आलं आणि टाळीचा आवाज.

“दहा पस्तीस,” एडसेल म्हणाला. “म्हणजे तोवर मनोंग होते.”

टाळीचं सांगायला हवं. आमचे कॅमेरे जुने. सलग अर्धा तास चित्रण झालं की आपोआप बंद पडतात, पुन्हा बटण दाबावं लागतं. तीन कॅमेऱ्यांचे असे तुकडे नंतर एका क्षणावर आणून जुळवायचे, तर सगळ्यांत दिसेल किंवा ऐकू येईल अशी एक खूण हवी. म्हणून ताताय प्रत्येक वेळी भिंगासमोर टाळी वाजवत. तळवे भिडतात ती फ्रेम आणि आवाज उसळतो तो क्षण, एकावर एक. शाळेत असताना मी त्यांच्या शेजारी बसून हे जुळवलेलं आहे. हल्ली सॉफ्टवेअर आवाजावरून आपोआप जुळवतं, पण तातायच्या हाताखाली टाळी चुकवणाऱ्याची गय नव्हती. एडसेलने पहिल्याच महिन्यात दोनदा शिव्या खाल्ल्या होत्या.

चोना फोटो काढते. जीभ तिखट, मन मऊ. ती माझ्यासाठी भाताचं केळीच्या पानातलं इबोस घेऊन आली आणि थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली, “मनांग मेना, खा. तुम्ही वाळलात तर मनोंग स्वप्नात येऊन मला ओरडतील, तुम्हाला नाही.” लग्नाविषयी तिने एवढंच सांगितलं की वरचा कॅमेरा मधेच मेला. “अंगठ्यांच्या आधीच. बॅटरी संपली म्हणे. मनोंगच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपते? कधी ऐकलंय?”

आणि तियो बेर्तो, बेर्तोकाका. बेर्तो सालमिंगो, बावीस वर्षं तातायचा उजवा हात, मला तातायसारखंच ‘इंदाय’, पोरी, म्हणणारे, लहानपणी खांद्यावर बसवून मिरवणुका दाखवणारे. बुटके, रुंद, कमी बोलणारे. नऊ दिवस जपमाळेची प्रार्थना त्यांनीच सांगितली. कॉफीही तेच करायचे. कपाच्या काठाला एक बोट लावून ठेवायचे आणि बोटाला चटका बसला की ओतणं थांबवायचे. मला वाटलं, मन थाऱ्यावर नाही.

“शेवटचं बटण दाबून, टाळी वाजवून गेला,” ते आलेल्यांना सांगत होते. “काम अर्धं टाकणारा माणूस नव्हता तो.”

ऐकणारे मान हलवत. ही स्तुती होती. तीच तातायविरुद्धची साक्षही होती: माणसाने हातातलं काम नीट लावून दिलं, आणि मग उडी मारली.

३

सातव्या दिवशी दुपारी दुकानात कोणी नसताना मी तो तुकडा पुन्हा लावला. तातायचा शेवटचा आवाज आहे म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं.

ती काळी खिडकी मला टोचली. कॅमेरा अर्ध्या तासाने बंद पडतो, पण ताताय त्याला कधी बंद पडू देत नसत. अठ्ठावीस मिनिटं झाली की स्वतःच थांबवून लगेच सुरू करत. दोन सेकंदही जात नसत. मी जुन्या सहा लग्नांचे तुकडे काढून पाहिले. एकही पूर्ण अर्ध्या तासाचा नव्हता. या लग्नात मात्र वरचा कॅमेरा पूर्ण अर्धा तास चालून स्वतः मेला होता, आणि दोन मिनिटं मेलेला राहिला होता.

मग ती तडकलेली बॅटरी. ताताय बॅटरी आणायला घंटाघराच्या खोलीत गेले असणार, त्यांची पिशवी तिथेच असायची. बॅटरी मुठीत होती. मग परत येऊन कॅमेरा सुरू केला, टाळी वाजवली, आणि बॅटरी मात्र बदलली नाही? चोना म्हणाली तसा तो कॅमेरा पुढे वीस मिनिटांत संपला. उतरत आलेल्या बॅटरीवर.

टाळीची जागा मी फ्रेम-फ्रेमने पुढे सरकवली. पहिल्या तुकड्यात तातायची टाळी होती: दोन मोठे हात चित्राच्या मधोमध, डाव्या अंगठ्यावर जुना डाग. ते उंच होते आणि तिपाई स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर लावत. दहा पस्तीसच्या टाळीत हात नव्हते. नुसता आवाज. मी आणखी मागे-पुढे केलं. चित्राच्या अगदी तळाच्या कडेला, तीन फ्रेमपुरतं, काहीतरी फिकट डोकावून गेलं होतं.

बोटांची टोकं.

ज्याने टाळी वाजवली, त्याचे हात भिंगापर्यंत पोचत नव्हते. तो माझ्या वडिलांपेक्षा वीतभर बुटका होता. आणि त्या क्षणी माझे वडील खाली दगडावर पडलेले होते.

४

मी दुकानाचं दार ओढून घेतलं. कोणी येऊ नये म्हणून नाही. उजेड पडद्यावर येत होता.

कोण? चोर असता तर कॅमेरा उचलून नेला असता. किरिनोला बटण कुठे असतं ते ठाऊक नाही. अनोळखी माणूस, ज्याने नुकताच एक जीव घेतला आहे, तो धावत सुटेल. बंद पडलेला कॅमेरा पाहून ज्याचा हात आपोआप बटणाकडे जातो, आणि मग टाळीकडे, असा माणूस एकाच जागी तयार होतो: माझ्या वडिलांच्या शिव्या खाऊन.

म्हणजे तिघांपैकी एक.

दहा पस्तीसला पहिल्या खिडकीत पाहिलं. वेदीच्या पायरीशी चोना एडसेलच्या हातात कार्ड देत होती. त्याने ते शर्टाच्या खिशात टाकलं, ती त्याला काहीतरी बोलली, तो हसू दाबत वळला. टाळीचा बारीक आवाज त्या कॅमेऱ्यानेही पकडला होता, आणि तो आला तेव्हा दोघं तिथेच उभी होती. पहिल्या आणि तिसऱ्या, या दोन कॅमेऱ्यांना आवाज होता, त्यांचा मेळ पक्का होता.

राहिले तियो बेर्तो. दुसऱ्या खिडकीत त्याच क्षणी चित्र हलत होतं. एका बाईच्या पंख्यावरून सावकाश सरकत शेजारच्या म्हाताऱ्यावर जात होतं. मागे हात असल्याशिवाय कॅमेरा असा सरकत नाही. टाळीनंतर पाऊण मिनिटाने तो स्थिर झाला आणि सहा मिनिटं जागचा हलला नाही. प्रवचन लांबलं होतं. टिपण्यासारखं काही नसेल.

तिघंही खाली. तिघांचीही साक्ष कॅमेरा देत होता. आणि वर कोणीतरी टाळी वाजवत होतं.

संध्याकाळी प्रार्थनेनंतर मी एडसेलला बाहेरच्या बाकावर गाठून विचारलं, तियोंच्या कॅमेऱ्याला आवाज का नाही. माईकची खाच तुटली आहे, तो म्हणाला; मनोंग कितीदा दुरुस्त करून घ्या म्हणाले, पण तियो कोणाचं ऐकतात होय. मग तो तुकडा जुळवला कसा, मी विचारलं.

त्याने मान खाजवली. “कॅमेऱ्याच्या घड्याळावरून, मनांग. पोलिसांना तर द्यायचं होतं. कुठे पडद्यावर लावायचं होतं?”

५

आठव्या दिवशी पहाटे उठून मी तो सगळा व्हिडिओ सरळ बघत बसले. टाळीपाशी थांबले नाही. आतापर्यंत सार्जंटने, एडसेलने, मी, सगळ्यांनी टाळीच्या मागची-पुढची दोन मिनिटं पाहिली होती. पुढे कोणी गेलंच नव्हतं.

प्रवचन संपलं. वचन घेण्यासाठी पाद्र्यांनी दोन्ही हात वर केले आणि सगळं चर्च उभं राहिलं. पहिल्या खिडकीत उभं राहिलं. तिसऱ्या खिडकीत, वरून, पाण्यात लाट यावी तसं उभं राहिलं.

दुसऱ्या खिडकीत सगळे बसलेले होते. बायका पंखे हलवत होत्या. एक म्हातारा जांभई देत होता.

मी हात गुडघ्यांवर ठेवून वाट पाहिली. दोन खिडक्यांत वचनं झाली. दुसऱ्या खिडकीतली माणसं उठली ती पाच मिनिटं वीस सेकंदांनी.

६

जुळवायला खूण हवी. उठून उभं राहण्यावर भरवसा नाही, कोणी आधी उठतं, कोणी नंतर. आवाज नव्हता.

पण लग्न सुरू होण्यापूर्वी तिन्ही कॅमेरे दारात एकत्र सुरू झाले होते, आणि त्यांच्या मधोमध उभं राहून तातायनी टाळी दिली होती. ते तुकडे कार्डांवर होते. एडसेलने पोलिसांसाठी ते घेतलेच नव्हते. मी तिन्ही एकाखाली एक मांडले. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. ताताय कोणाला तरी ‘सरक’ म्हणतात, हात पसरतात. मी एकेक फ्रेम पुढे गेले. तळवे जवळ येतात. भिडतात. त्या फ्रेमवर मी खूण केली. पहिल्या तुकड्यावर, तिसऱ्यावर, आणि मग दुसऱ्यावर. त्यात ते हात कडांना विरघळलेले दिसत होते, धुक्यातून पाहावं तसे. तरी भिडलेले कळत होते. तिन्ही खुणा एका रेषेत ओढल्या.

तियो बेर्तोंच्या कॅमेऱ्याचं घड्याळ पाच मिनिटं वीस सेकंद पुढे होतं.

मग प्रवचनाचा तुकडा तेवढाच मागे सरकवला. पडताळा म्हणून चोनाचा एक फ्लॅश शोधला. तो तिन्ही खिडक्यांत एकाच फ्रेमला पांढरा झाला. आता सगळं चर्च एकदम उठत होतं.

मी टाळीपाशी गेले. दहा पस्तीस. पहिल्या खिडकीत कार्ड खिशात जातं. तिसऱ्या खिडकीत काळोख संपतो, बोटांची टोकं, टाळी. आणि दुसऱ्या खिडकीत चित्र थिजलेलं. त्याच्या आधी साडेचार मिनिटं थिजलेलं, त्याच्या नंतर दीड मिनिट थिजलेलं, मग एक हिसका, आणि कॅमेरा पुन्हा कोणाच्या तरी हातात.

तो हिसका मी बरेच वेळा पाहिला. त्यानंतरचं चित्र थरथरत होतं.

घड्याळ चुकलेलं कसं राहिलं? बॅटरी बदलताना ते पुसलं जातं आणि बारीक आकड्यांतून पुन्हा लावावं लागतं. ज्याला आकडे दिसत नाहीत तो अंदाजाने लावतो. मी तातायची वही उघडली. दर लग्नाच्या नोंदीत दोन नंबरच्या कॅमेऱ्यापुढे एक पोकळ वर्तुळ होतं. आधी एखाद-दुसऱ्या लग्नात, मग दर लग्नात, शेवटी एकेका लग्नात पाच-सहा. ते पहिल्या दिवशीही मी पाहिलं होतं आणि मला कळलं नव्हतं. आता मी त्या तारखांचे तुकडे काढले. जिथे वर्तुळ तिथे चित्र धूसर. माणसांचे चेहरे धूसर आणि मागचा खांब स्वच्छ.

शेवटच्या पानावर, शनिवारच्या तारखेखाली एक नोंद होती. तीही मी आधी वाचली होती, आणि आशेने सार्जंटला दाखवलीही होती. त्यात मंगळवारचं एक काम होतं, आणि मी म्हणाले होते, ज्याला मंगळवारी काही काम आहे तो शनिवारी जीव देत नाही. तो म्हणाला होता, देतात, मॅम.

आता ती नोंद मी पुन्हा वाचली, आणि वही मिटली.

७

नवव्या दिवशी प्रार्थना संपली, लोक जेवून गेले. दुपार होती. तियो बेर्तो मागच्या पडवीत कप विसळत होते. मी त्यांना दुकानात बोलावलं आणि तिन्ही खिडक्या लावल्या.

“आता जुळलंय, तियो. हातांनी जुळवलं.”

ते पडद्याच्या अगदी जवळ वाकले. मी काही समजावलं नाही. चर्च उठून उभं राहिलं, तिन्हीकडे एकदम. मग मी मागे जाऊन टाळी लावली.

“हे कोण?” मी तळाच्या कडेवर बोट ठेवलं.

“दिसत नाही मला,” ते म्हणाले. मग मागे सरले. “किती दिवसांपासून माहीत आहे?”

“कालपासून.”

ते खुर्चीवर बसले. पुढचं त्यांनी हळूहळू सांगितलं, माझ्याकडे न बघता. लग्नाआधी दारात तातायनी त्यांना सांगितलं होतं, प्रवचन सुरू झालं की वर ये, बोलायचंय. ते गेले. ताताय घंटाघराच्या खोलीत कठड्यावर टेकून पिशवीतून बॅटरी काढत होते. म्हणाले, बेर्तो, हे तुझं शेवटचं लग्न.

“बावीस वर्षं,” तियो म्हणाले. “आणि एका वाक्यात. पुढे काही बोलत होता तो. मी बोलू दिलं नाही. ढकललं. इंदाय, भांडताना ढकलतात तसंच. तो टेकलेला होता.”

“खाली पाहिलंत?”

“खाली काळोख होता. माझ्या डोळ्यांना सगळीकडे काळोखच असतो.”

“हाक मारलीत?”

बाहेर कोणीतरी भाड्याच्या खुर्च्या गोळा करत होतं. एकात एक बसताना त्या खटखट वाजत होत्या.

“परत येताना सज्जात त्याचा कॅमेरा होता,” ते म्हणाले. “लाल दिवा बंद. तेवढा दिवा दिसतो मला. सेल्मोचा कॅमेरा बंद. मला वाटलं, हा आता ओरडणार. म्हणून...” त्यांनी दोन्ही हात वर केले, एकमेकांजवळ आणले, आणि मधेच थांबवले. “मग लोक म्हणायला लागले, टाळी सेल्मोची. मी नाही म्हणालो नाही.”

“त्यांनी उडी मारली असंही लोक म्हणाले. तेव्हाही नाही म्हणाला नाहीत. नऊ दिवस माझ्या घरात बसून माळ ओढलीत.”

“हो.”

डॉक्टरांच्या कागदावर काय होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. ते सार्जंट सांगेल. खाली येऊन पाऊणशे पावलं चालून ते किरिनोकडून घंटाघराचं दार उघडवून घेऊ शकले असते. ते खांबापाशी गेले आणि वचनं टिपू लागले.

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, मग परत दिली.

“तू वाच.”

“मंगळवार, सकाळी नऊ. बेर्तोचे डोळे. त्याला सांगायचं नाही, सरळ गाडीत घालून न्यायचं. चांगला डॉक्टर कोण, इंदायला विचारणे.” मग मी खालची उरलेली ओळ वाचली. “हे दोघांचंही शेवटचं लग्न. आता दोघांनी बसून नुसतं जुळवायचं.”

पहिल्या दिवशी मी ‘बेर्तोचे डोळे’ वाचलं होतं आणि त्याला म्हाताऱ्यांची दुखणी म्हणून सोडून दिलं होतं. मी तारीख शोधत होते, माणूस शोधत नव्हते.

तियो बेर्तो रडले नाहीत. गुडघ्यांवर तळवे ठेवून पडद्याकडे तोंड करून बसून राहिले. मग त्यांनी विचारलं, “वचनांचे माझे शॉट कसे आलेत?”

“धूसर,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, बावीस वर्षं तातायपुढे हलवत तशीच, आणि उठून टोपी शोधायला लागले. टोपी खुर्चीच्या पाठीला होती. मी ती त्यांच्या हातात दिली आणि सार्जंट हिमायाला फोन लावला.

तो येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो. त्याला द्यायचा व्हिडिओ मी तयार करून ठेवला: दारातल्या टाळीपासून सुरू, अंगठ्यांपर्यंत. मग फोनमध्ये शनिवार सात चाळीसचा न घेतलेला फोन उघडला. नऊ दिवस मी त्याच्याकडे पाहायला भीत होते. डोळ्यांचे डॉक्टर लेग्रामा आमच्या ग्रंथालयाच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसतात. नंबर मला तोंडपाठ आहे. तातायला तो सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.